राष्ट्रपतींची खुर्ची रिकामी झाली तर सही कोण करणार?

नेहमीप्रमाणे, जे बोललो तेच लिहून काढलंय, फक्त मधले अं-अं आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

आजचा विषय आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या भांडणातून आलाय. २१ जुलै २०२५ची रात्र आठवते? उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी तब्येतीचं कारण देऊन अचानक राजीनामा दिला, तेही पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी. ग्रुपवर मिनिटाला दहा मेसेज पडत होते. तेवढ्यात एकाने विचारलं, "आत्ता उद्या राष्ट्रपतींना काही झालं तर? बॅकअप तर गेला ना!"

मग काय, प्रत्येक जण तज्ज्ञ. एक म्हणाला पंतप्रधान. दुसरा म्हणाला लोकसभेचे अध्यक्ष, कारण अमेरिकेत तसंच असतं. तिसऱ्याने राज्यसभेचे उपसभापती सांगितले. हे उत्तर निदान विचार करून दिलेलं होतं, कारण उपराष्ट्रपती नसले की राज्यसभेचं कामकाज उपसभापतीच चालवतात, आणि त्या अधिवेशनात हरिवंश यांनी ते चालवलंही. पण सभागृह चालवणं वेगळं आणि राष्ट्रपती भवन वेगळं.

तिघंही चुकले होते. खरं सांगायचं तर माझंही उत्तर चुकलं असतं. मी फक्त गप्प बसलो होतो, म्हणून वाचलो.

बरोबर उत्तर होतं भारताचे सरन्यायाधीश. तेव्हा त्या पदावर होते भूषण गवई. म्हणजे २१ जुलै ते १२ सप्टेंबर २०२५, नवे उपराष्ट्रपती सी. पी. राधाकृष्णन यांचा शपथविधी होईपर्यंत, समजा राष्ट्रपतींची जागाही रिकामी झाली असती, तर देशाच्या प्रमुखाचं काम आपल्या अमरावतीचा माणूस बघत असता. हे टाकल्यावर ग्रुपवर शांतता. विदर्भातल्या दोघांनी तेवढं फटाक्यांचं इमोजी टाकलं.

आता हे कुठे लिहिलंय ते बघू. घाबरू नका, कलमं मोजकीच सांगणार आहे.

संविधानाचा अनुच्छेद ६५. त्याचे दोन भाग लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पहिला भाग म्हणतो, मृत्यू, राजीनामा, पदावरून दूर करणं किंवा अन्य कारणाने राष्ट्रपतींची जागा रिकामी झाली, तर नवे राष्ट्रपती येईपर्यंत उपराष्ट्रपती हे राष्ट्रपती म्हणून काम पाहतील. आणि अनुच्छेद ६२ सांगतो की अशी जागा सहा महिन्यांच्या आत निवडणुकीने भरायची. दुसरा भाग म्हणतो, राष्ट्रपती आहेत, पण गैरहजेरी, आजारपण किंवा दुसऱ्या कारणाने काम करू शकत नाहीत, तर ते परत कामावर येईपर्यंत उपराष्ट्रपती त्यांची कामं पार पाडतील. एकात खुर्ची रिकामी आहे. दुसऱ्यात खुर्चीचा मालक आहे, पण बसू शकत नाही.

(मुदत संपली म्हणून खुर्ची रिकामी होत नाही, बरं का. निवडणूक लांबली तरी जुने राष्ट्रपती नवे येईपर्यंत थांबतात. हा प्रश्न मला दोघांनी विचारला होता म्हणून सांगितलं.)

आणि उपराष्ट्रपतीही नसले तर? संविधान लिहिणाऱ्यांनी ती यादी लिहिलीच नाही. अनुच्छेद ७० मध्ये म्हटलं की इतर प्रसंगांसाठी संसद तरतूद करू शकते. आमच्या भाषेत, फंक्शनचं नाव लिहिलं आणि आत टू-डू टाकलं. तो टू-डू पडून राहिला एकोणीस वर्षं. आपण सगळे करतो तसंच.

तो लिहावा लागला १९६९ मध्ये, आणि ते वर्ष म्हणजे वेब सिरीज आहे.

३ मे १९६९. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं पदावर असताना निधन झालं. असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याच दिवशी उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पण आता उपराष्ट्रपतीच राष्ट्रपतींच्या जागी बसलेले. त्यांना काही झालं तर? प्रश्न आता थिअरीतला राहिला नव्हता. २८ मे १९६९ला कायदा झाला, राष्ट्रपतींची कार्ये पार पाडण्याबाबतचा. दोन्ही पदं रिकामी झाली तर भारताचे सरन्यायाधीश, आणि ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे उपलब्ध असलेले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. 'उपलब्ध' हा शब्द मला फार आवडतो. एखाद्या ऑन-कॉल करणाऱ्या माणसानेच लिहिल्यासारखा.

आणि कायदा होऊन दोन महिनेही झाले नाहीत, तोच तो वापरावा लागला. कुणी मेलं म्हणून नाही, राजकारण झालं म्हणून. काँग्रेस पक्षाने नीलम संजीव रेड्डींना उमेदवारी दिली, इंदिरा गांधींना ती मान्य नव्हती, आणि गिरींनी अपक्ष उभं राहायचं ठरवलं. त्यासाठी त्यांनी राजीनामा दिला, २० जुलै १९६९ला. आदल्याच दिवशी, १९ जुलैला, त्यांनी एका अध्यादेशावर सही केली होती. देशातल्या १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण. आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यातच होती. आज तुमच्या आजी-आजोबांची पेन्शन ज्या 'सरकारी बँकेत' येते, त्यातल्या बऱ्याचशा त्या सहीने सरकारी झाल्या. ती सही तात्पुरत्या माणसाची होती!

गिरींच्या राजीनाम्यात एक भन्नाट गाठ आहे. संविधानाप्रमाणे राष्ट्रपती आपला राजीनामा उपराष्ट्रपतींकडे देतात आणि उपराष्ट्रपती आपला राजीनामा राष्ट्रपतींकडे. इथे उपराष्ट्रपती तेच, आणि राष्ट्रपतींच्या जागीही तेच. पत्र लिहायचं कुणाला? आरशाला? हा प्रश्न विचारला की कायद्याचा अभ्यास करणारी मंडळीही हसतात आणि मग गप्प होतात.

तर, २० जुलैला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. हेही आपल्या ओळखीतले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजमध्ये शिकलेले, नागपुरात वकिली केलेले, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले. त्याच दिवशी नील आर्मस्ट्राँगचं यान चंद्रावर उतरत होतं, त्यामुळे जगाच्या पहिल्या पानावर आपली ही बातमी कुठे होती कोण जाणे. ३१ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीत आले, तेव्हा त्यांचं स्वागत करायला देशाचा प्रमुख म्हणून एक न्यायाधीश उभे होते. पाच आठवडे हे चाललं. मग निकाल लागला, गिरी जिंकले, रेड्डी दुसरे आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. २४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली, या वेळी पूर्ण राष्ट्रपती म्हणून, आणि हिदायतुल्ला पुन्हा कोर्टात गेले.

इथे एक काटा आहे. बँकांचा अध्यादेश गिरींचा, पण त्याच्या जागी संसदेने केलेल्या कायद्याला ९ ऑगस्टला संमती मिळाली ती हिदायतुल्लांच्या काळात. आणि त्या कायद्याला आव्हान गेलं कुठे? सर्वोच्च न्यायालयात, जिथे ते सरन्यायाधीश. ११ न्यायाधीशांनी ते प्रकरण ऐकलं, आणि त्यांत हिदायतुल्ला नव्हते. खंडपीठाचं नेतृत्व न्यायमूर्ती जे. सी. शहांनी केलं आणि फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द ठरवला. सरकारने मग नव्याने केला, ते वेगळं. पण न्यायाधीशाला बॅकअप ठेवायची किंमत ही अशी असते. ज्या कागदावर आपली सही आहे तोच कागद आपल्यासमोर निवाड्याला येतो. म्हणून मला ही व्यवस्था शंभर टक्के आवडत नाही. पण न्यायाधीशाला निवडणूक लढवायची नसते आणि सरकार टिकवायचंही नसतं, त्यामुळे यापेक्षा बरं नावही मला सुचत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अरे, तात्पुरता माणूस म्हणजे नुसता शिक्का ना? काळजीवाहू सरकार असतं तसं?

नाही. अनुच्छेद ६५ स्पष्ट म्हणतो की त्या काळात उपराष्ट्रपतींना राष्ट्रपतींचे सगळे अधिकार असतात. अर्धे नाही, सगळे. पगारही राष्ट्रपतींचाच मिळतो, आणि तेवढ्या काळात ते राज्यसभेत सभापती म्हणून बसत नाहीत. फ्रान्समध्ये उलट आहे. तिथे अध्यक्षांची जागा रिकामी झाली की सिनेटचे अध्यक्ष काम बघतात, पण त्यांना संसद विसर्जित करता येत नाही आणि सार्वमतही घेता येत नाही. गंमत म्हणजे १९६९च्या त्याच उन्हाळ्यात तिथेही हेच चालू होतं. द गॉल यांनी एप्रिलमध्ये राजीनामा दिला आणि आलाँ पोएर जूनपर्यंत तात्पुरते अध्यक्ष होते.

आपल्याकडे पूर्ण अधिकार म्हणजे काय, ते १९७७ मध्ये दिसलं. ११ फेब्रुवारीला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती कार्यवाहक झाले. जमखंडी संस्थानातून वर आलेला राजकारणी. मार्चमध्ये निवडणूक झाली, आणीबाणीवाल्यांचा पराभव झाला, जनता पक्षाचं सरकार आलं. त्या सरकारला नऊ राज्यांतल्या काँग्रेसच्या विधानसभा बरखास्त करायच्या होत्या. राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली, हरली. कागद जत्तींकडे आला. आणि जत्ती थांबले. लगेच सही केली नाही. दिल्लीत खळबळ, सरकारचा दबाव, रस्त्यावर लोक. शेवटी ३० एप्रिलला सही झाली. त्यांचं थांबणं बरोबर होतं की आपल्या जुन्या पक्षासाठी होतं, यावर आमच्या घरात बाबा आणि काका आजही भांडू शकतात. माझं मत विचाराल तर मंत्रिमंडळाचा सल्ला आणि कोर्टाचा निकाल दोन्ही एका बाजूला असताना थांबायला जागा नव्हती. पण अख्खा देश एका 'तात्पुरत्या' माणसाच्या पेनाकडे बघत बसला होता, हे मात्र खरं.

बरं, आता ६५च्या दुसऱ्या भागाकडे येऊ. खरं तर मला आज यावरच बोलायचं होतं. राष्ट्रपती आहेत, पण काम करू शकत नाहीत.

आधी गैरहजेरी. जून १९६०. डॉ. राजेंद्र प्रसाद सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावर गेले, साधारण पंधरा दिवस. तेवढ्यासाठी उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी राष्ट्रपतींची कामं बघितली. साहजिक होतं, माणूस इतका लांब. आता मे २००५. राष्ट्रपती अब्दुल कलाम मॉस्कोत. दिल्लीत रात्री मंत्रिमंडळाने बिहार विधानसभा विसर्जित करायचं ठरवलं. कागद फॅक्सने मॉस्कोला गेला, कलामांनी सही केली, परत आला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. १९६०चा दौरा आणि २००५चा दौरा एकाच दिशेला, आणि संविधानातला 'गैरहजेरी' हा शब्द जसाच्या तसा. बदललं काय, तर रिमोट ॲक्सेस आला. त्या रात्री राष्ट्रपती दिल्लीत असते, मंत्र्यांना समोर बसवून दोन प्रश्न विचारता आले असते, तर काही वेगळं झालं असतं का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मग आजारपण. १९६१ मध्ये राजेंद्र प्रसाद गंभीर आजारी पडले, तेव्हा पुन्हा राधाकृष्णन. ऑक्टोबर १९८२ मध्ये झैलसिंग हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा उपराष्ट्रपती कोण होते माहितीये? हिदायतुल्ला. तेच. एकदा सरन्यायाधीश म्हणून, एकदा उपराष्ट्रपती म्हणून. दोन्ही दारांनी त्या खुर्चीपर्यंत गेलेला दुसरा माणूस नाही.

हे सगळं सुरळीत झालं. मग प्रश्न कुठे आहे?

थोडं माझ्या कामातलं सांगतो. सर्व्हर पूर्ण मेला तर आमचं काम सोपं असतं. दुसरा लगेच उभा राहतो. त्रास देतो तो अर्धवट जिवंत सर्व्हर. तो 'मी आहे' म्हणतो, पण उत्तर देत नाही. मग दुसऱ्याने ताबा घ्यायचा की नाही? हे ठरवायला तिसरं कुणीतरी लागतं, बाहेरचं.

२०२१च्या एप्रिलमध्ये आमच्या टीमचे लीड कोविडने ॲडमिट झाले. ऑक्सिजनवर होते. रिलीजची शेवटची परवानगी फक्त त्यांच्याकडे, आणि सिस्टीममध्ये त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका, कारण लॅपटॉप घरी चालूच राहिला होता. पेमेंटमध्ये एक बग होता, ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात होते. दुरुस्ती तयार. मी त्यांच्याखालचा सीनियर. वर एक मेल टाकायचा होता, 'सर सध्या निर्णय घेऊ शकत नाहीत, परवानगी मला द्या.' एवढंच. मला ते लिहायला दीड दिवस लागला. कारण वाक्य कसंही फिरवलं तरी ते वाचायला असंच वाटायचं की हा माणूस साहेब हॉस्पिटलात असताना त्यांची खुर्ची मागतोय. शेवटी कुणी मेल टाकला? मी नाही. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरून कंपनीला फोन केला. तोपर्यंत आणखी कितीतरी लोकांचे पैसे कापले गेले होते.

म्हणून अमेरिकेची ही गोष्ट वाचली तेव्हा मी थबकलो. २ जुलै १८८१ला अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ते गेले १९ सप्टेंबरला. मधले अडीच महिने ते अंथरुणात, आणि उपाध्यक्ष आर्थर काही केल्या कारभार घ्यायला तयार नव्हते. भीती हीच, लोक म्हणतील सत्ता बळकावली. १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला, तेव्हा त्यांच्यापर्यंत कोणता कागद जाणार हे त्यांच्या पत्नी ठरवत होत्या. उपाध्यक्ष मार्शल लांबच राहिले. तेव्हाही शेवटी घरचीच माणसं. 

अमेरिकेने यावर १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती केली. अध्यक्ष स्वतः लिहून कारभार देऊ शकतात. २०२१ मध्ये बायडन यांना तपासणीसाठी भूल दिली तेव्हा कमला हॅरिस ८५ मिनिटं कार्यवाहक अध्यक्ष होत्या. आमच्या काही मीटिंग त्याहून लांब चालतात. आणि अध्यक्ष लिहून देण्याच्या स्थितीत नसतील, तर उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्री मिळून तसं संसदेला कळवू शकतात. अध्यक्ष 'मी ठीक आहे' म्हणाले आणि वाद झाला, तर निर्णय संसदेचा, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी. हा दुसरा रस्ता आजवर एकदाही वापरलेला नाही, पण तो आहे.

आपल्या अनुच्छेद ६५ मध्ये काय आहे? 'काम करू शकत नाहीत तेव्हा.' बस. ते कुणी ठरवायचं, एक शब्द नाही. १९६१ला, १९८२ला पेशंट शुद्धीवर होते, सगळे समजूतदार होते, निभावलं. राष्ट्रपती बेशुद्ध असतील तर? किंवा त्याहून अवघड, स्मरणशक्ती जात चालली आहे आणि ते स्वतः मानायला तयार नाहीत तर? महाभियोग चालणार नाही, कारण तो संविधानाच्या भंगासाठी आहे आणि आजार हा भंग नाही.

मंत्रिमंडळाला ठरवू द्या, असं पटकन म्हणावंसं वाटतं. मीही आधी तेच म्हटलं होतं. पण राष्ट्रपतींच्या हातात जे थोडंफार आहे, त्यात एक हत्यार म्हणजे मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवणं. ज्यांचा कागद परत आला, त्यांनाच 'साहेबांची तब्येत बरी नाही' म्हणायचा अधिकार दिला तर? फ्रान्समध्ये सरकार फक्त विचारू शकतं, निर्णय त्यांच्या घटना परिषदेचा असतो. मला तो रस्ता पटतो. विचारणारे वेगळे, ठरवणारे वेगळे, आणि ज्याला खुर्ची मिळणार तो दोन्हीत नको. आता इथे आपली अडचण बघा. आपल्याकडे ठरवायला सर्वोच्च न्यायालय म्हटलं, तर रांगेत दुसरे उभे असलेले सरन्यायाधीश तिथेच बसलेले!

सर बरे झाले, हे सांगायचं राहिलं. जूनमध्ये परत आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक नियम घातला, चार तास उत्तर नाही तर परवानगी आपोआप पुढच्या माणसाकडे, कुणी कुणाला विचारायचं नाही. दोन नावं लिहिली. मी विचारलं, "सर, चार तासच का?" तर म्हणाले, "तुला दीड दिवस लागला म्हणून."

पुढच्या भागात राज्यपाल. सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले तेव्हा ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते, आणि त्यांच्यामागे गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांना आपला अतिरिक्त कार्यभार मिळाला. राज्यांना उपराज्यपाल नावाचा बॅकअप नसतो, मग हे चालतं कसं, ते अनुच्छेद १६०सकट बघू. तोपर्यंत ग्रुपवर कुणी 'पंतप्रधान' म्हणालं तर त्याला हा भाग पाठवा. भेटूया.